लेखिकेला पत्र लिहायचंय, पण पत्ता कुठून आणू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बार्शीची, वय 22. वाचनालयातून एका लेखिकेचा कथासंग्रह आणला आणि त्यातल्या एका कथेतली आजी डिट्टो माझी आजी आहे, अगदी पदराला सुपारीची पुरचुंडी बांधण्यापासून सगळं. मला त्यांना हे कळवायचंय. पण त्या फेसबुकवर नाहीत, आणि पत्र लिहायला बसलं की "आपले लेखन खूप भावले" याच्यापुढे गाडीच जात नाही, तीन कागद फाडले. एवढ्या मोठ्या लेखिका माझं पत्र वाचतील का?

उत्तर : अगं, पत्ता बहुतेक तुझ्या हातातच आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला जिथं आवृत्ती, मुद्रक, अक्षरजुळणी असं सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं ना, तिथं बऱ्याच मराठी पुस्तकांत कॉपीराइटच्या खुणेपुढं लेखकाचं नाव आणि चक्क घरचा पत्ता असतो, आपण ते पान कधी वाचतच नाही. जुनी आवृत्ती असेल तर पत्ता बदललेला असू शकतो, मग प्रकाशकांना एक फोन कर, किंवा पाकिटावर लेखिकेचं नाव आणि खाली "द्वारा" लिहून प्रकाशनाचा पत्ता घाल, ते पुढे पाठवतात. दिवाळी अंकात तर कथेच्या शेवटी बऱ्याचदा मोबाईल नंबरसुद्धा छापलेला असतो, पण एकदम फोन लावू नको, आधी मेसेज टाक, वय झालेली माणसं असतात, दुपारची झोपलेली असतात.

आता काय लिहायचं. "भावले" खोडून टाक आणि पुरचुंडीपासून सुरू कर. मला जे लिहिलंयस तेच त्यांना लिही, कुठल्या कथेतली, कुठल्या पानावर तुला आजी दिसली, तुझी आजी सुपारी कशी कातरायची, बास. मायना "सप्रेम नमस्कार" चालतो, भारी शब्द शोधत बसू नको. पुस्तक एकदा बाहेर पडलं की ते कोणाच्या घरात कसं वाचलं जातंय हे लेखकाला कळायला फार कमी वाटा असतात गं, म्हणून अशी पत्रं लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

आणि वाचतील का म्हणतेस तर जीएंचं बघ. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, सभा-समारंभांपासून लांब, लोकांना भेटणंही टाळायचे, पण पत्रं मात्र पानंच्या पानं लिहायचे. 1987 मध्ये ते गेले, नंतर त्यांच्या निवडक पत्रांचे 4 खंड निघाले, त्यातला पहिला लेखिका सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रं "प्रिय जी. ए." मध्ये आहेत, दोन्ही शेजारी ठेवून वाच. समोर यायला नको म्हणणारा माणूस कागदावर किती मोकळा होतो ते मला तिथं पहिल्यांदा कळलं.

प्रश्न : पत्रासोबत माझ्या कविता अभिप्रायासाठी पाठवल्या तर चालेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पहिल्या पत्रात नको. त्यांच्या पुस्तकाबद्दल लिहिताय म्हणून त्या आनंदानं पाकीट उघडणार आणि आत तीस कविता निघणार, सगळं पत्रच मग त्या कवितांसाठी लिहिलंय असं वाटायला लागतं. ओळख झाली की विचारा, तेही एक-दोनच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, रत्नागिरी. एका आवडत्या लेखकांना पत्र पाठवून वर्ष झालं, उत्तर नाही. माझं काही चुकलं असेल का?

उत्तर : सर, तुमचं काही चुकलेलं नाही. मी कॉलेजात असताना एका लेखकांना इनलँड पत्र पाठवलं होतं, त्यांच्या कथेतला ओढा वाचून आमच्या गावच्या ओढ्याबद्दल दोन ओळी लिहिलेल्या. सात महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, अक्षर थरथरलेलं, ओळी उतरत्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून उशीर झाला असं लिहिलेलं आणि शेवटी विचारलेलं, तुमच्या ओढ्याला आता उन्हाळ्यात पाणी असतं का? मी उत्तर दिलं नाही. परीक्षा होती, मग फार उशीर झाला म्हणून लाज वाटायला लागली, असं करत दोन वर्षं गेली आणि एक दिवस ते गेल्याची बातमी पेपरात वाचली. ओढा तेव्हा मार्चमध्येच आटायला लागला होता, एवढंच तर लिहायचं होतं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

म्हणून म्हणते, तुम्ही दुसरं पत्र टाका. पहिल्याचं उत्तर का नाही हे विचारू नका, मध्ये त्यांचं काही नवीन वाचलं असेल तर त्याबद्दल लिहा, आणि सोबत तुमचा पत्ता लिहिलेलं एक कोरं पोस्टकार्ड ठेवा, पिनकोडसकट. 50 पैशांत मिळतं. हात चालत नसेल तरी घरातलं कोणीतरी त्यांनी सांगितलेल्या दोन ओळी लिहून टाकू शकतं.