रणगाडा समुद्रात बुडत कसा नाही?

प्रश्न : जपानच्या पोहणाऱ्या रणगाड्याचा जुना फोटो पाहिला. पुढून होडी, मधे तोफ. इतकं लोखंड तरंगतं कसं? आणि लढाईत त्याचा उपयोग झाला का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : भाऊच्या धक्क्यावर मी तीस वर्षं लाँचींची इंजिनं दुरुस्त केली, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताच पहिली आठवण झाली ती ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या सांध्याची. पंख्याचा दांडा लाँचीच्या बुडातून जिथे बाहेर पडतो, तिथलं पॅकिंग सैल झालं की तळात पाणी चढतं. लाँचीला अशी एक जागा. या गाडीला दोन पंखे, शिवाय माणसं चढायची झाकणं, तोफेचा मनोरा, मशीनगनची भोकं. प्रत्येक फटीत रबर घट्ट बसलंच पाहिजे.

फोटोतली गाडी बहुधा ‘का-मि’ असावी. जपानी पंचांगात १९४२ म्हणजे २६०२, म्हणून नाव ‘टाइप २’. लष्कराच्या ‘हा-गो’ या हलक्या रणगाड्याची यंत्रणा घेऊन नौदलाने ती बनवून घेतली. तरंगण्याच्या टाक्यांसकट वजन साधारण साडेबारा टन. तरंगायला तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे सुमारे बारा घनमीटर. एकट्या धडाला ते जड जातं, म्हणून पुढे-मागे पोलादी पोकळ टाक्या जोडल्या. तुम्हाला दिसलेली होडी म्हणजे पुढची टाकी. इंजिन एकच, डिझेलचं. तेच पट्टेही फिरवी आणि पंखेही. पाण्यात वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, आपल्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचीपेक्षा कमीच.

किनारा लागला की आतूनच कळ फिरवून टाक्या सोडायच्या. मला ही रचना फार सुंदर वाटते. बाहेर गोळ्या चालू असताना कुणाला उतरून नट ढिले करायला लागत नाहीत. पण टाक्या सुटल्या की पुन्हा समुद्रात जाता येत नाही. शिवडीच्या गाळात ओहोटीला अडकलेली होडी भरती येईपर्यंत थांबू शकते. या गाडीतल्या पाच-सहा जणांना थांबायची सोय नव्हती.

उपयोग म्हणाल तर थोडाच झाला. एकूण सुमारे १८० गाड्या बनल्या, आणि त्या हाती येईतो जपानची चढाई संपत आली होती. १९४४मध्ये प्रशांत महासागरातली मार्शल बेटं, सायपान, लेयते, सगळीकडे बचावच. तरंगायचं म्हणून चिलखत पातळ, जाड भागीही जेमतेम १२ मिलिमीटर. तोफ ३७ मिलिमीटरची. समोर अमेरिकेचा शर्मन रणगाडा, ज्याचं पुढचं चिलखत ५० मिलिमीटरच्या आसपास. त्या पातळ पत्र्यामागे बसलेल्या पोरांचा विचार केला की मला आजही वाईट वाटतं.

टाक्या काढलेला ‘का-मि’ कधी फोटोत दिसला, तर धड पाहा. ‘हा-गो’पेक्षा उंच आणि पेटीसारखं सरळ बाजूंचं असतं, पाण्यासाठी वाढवलेलं आहे ते.