स्टेटस कोडचा पहिला आकडा आधी वाचा

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही नुकतंच एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायची सेवा) लिहायला घेतलंय, एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या संवादाच्या नियमांच्या, स्टेटस कोडची (सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत पाठवतो त्या आकड्यांची) लांबलचक यादी बघून गोंधळ झालाय, त्यातले किती पाठ करावे लागतील हे कळत नाही, आणि एका सहकाऱ्याने सांगितलंय की सरळ सगळ्याला २००, म्हणजे "सगळं ठीक", पाठव, काही चुकलं तर ते जेसनमध्ये (उत्तरातल्या मजकुरात) लिही. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. हा सल्ला मानू नका.

पाठांतराची गरज नाही. कोड तीन आकडी असतो आणि बहुतेक अर्थ पहिल्या आकड्यातच असतो. १ म्हणजे काम चालू आहे, जरा थांब. २ म्हणजे झालं. ३ म्हणजे अजून एक पाऊल तुला टाकावं लागेल. ४ म्हणजे तुझ्या रिक्वेस्टमध्ये चूक आहे. ५ म्हणजे रिक्वेस्ट ठीक दिसते, पण मला ती पूर्ण करता आली नाही. मी कोड वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आता हालचाल कोणी करायची? ४ असेल तर पाठवणाऱ्याने काहीतरी बदलायचं, ५ असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याने. ही काही माझी सोयीची युक्ती नव्हे. २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकात तसा नियमच आहे: क्लायंटला (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला) एखादा कोड ओळखीचा नसेल, तर त्याने तो त्या गटाचा पहिला कोड समजावा. ४७१ असं काही आलं तर ते ४०० धरून चालायचं.

आता त्या २०० च्या सल्ल्याकडे येतो. वेबच्या अगदी सुरुवातीच्या एचटीटीपीत, ज्याला पुढे ०.९ म्हटलं गेलं, स्टेटस कोड नव्हतेच. क्लायंटने पत्ता मागायचा, सर्व्हरने एचटीएमएल पाठवून कनेक्शन बंद करायचं. पान सापडलं नाही तरी तसंच एक पान यायचं, फक्त त्यात चुकीबद्दल मजकूर असायचा. वाचणाऱ्या माणसाला ते कळायचं, प्रोग्रॅमला कळायला मार्ग नव्हता. फाइली पाठवण्याच्या एफटीपीत आणि ईमेलच्या एसएमटीपीत तीन आकडी उत्तरं आधीपासून होती, तीच पद्धत एचटीटीपीतही आली, आणि १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये आवृत्ती १.० नोंदवली गेली तेव्हा हे कोड त्यात होते. सगळ्यालाच २०० पाठवणं म्हणजे पुन्हा त्या ०.९ च्या काळात जाणं.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. रोज रात्री एका सर्व्हरवरून अहवालाची फाइल उतरवून घेणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. एके दिवशी तिचं लॉगिन सेशन संपलं. सर्व्हरने ४०१, म्हणजे "आधी लॉगिन कर", द्यायला हवा होता. त्याऐवजी त्याने ३०२ (तात्पुरतं दुसरीकडे जा) देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवलं आणि ते पान अर्थातच २०० सह आलं. स्क्रिप्टने २०० पाहिला, आलेलं लॉगिनचं पान अहवालाच्या नावाने जतन केलं आणि काम फत्ते झाल्याची नोंद केली. असे अनेक दिवस गेले. कुणीतरी फाइल उघडली तेव्हा कळलं. त्या दिवसांचे अहवाल पुन्हा गोळा करायला जो वेळ गेला, तो एका ४०१ ने वाचला असता.

शिवाय तुमचा रिस्पॉन्स फक्त तुमचा क्लायंट वाचत नाही. मधले कॅश (उत्तरांच्या प्रती साठवून ठेवणारे सर्व्हर) तो वाचतात, आणि गेट, म्हणजे माहिती मागणाऱ्या, रिक्वेस्टला २०० मिळाला की ते उत्तर साठवून पुढच्या माणसालाही देऊ शकतात. म्हणजे तुमची चूकही साठवली जाते. सर्व्हरवर नजर ठेवणारी साधनं ५०० चा आकडा वाढला की इशारा देतात. सगळंच २०० असेल तर ती गप्प बसतात. सर्च इंजिनं "पान सापडलं नाही" हे वाक्यही खरा मजकूर समजू शकतात, आणि या प्रकाराला तर सॉफ्ट ४०४ असं नावच पडलंय. ग्राफक्यूएलमध्ये (एपीआयला प्रश्न विचारण्याच्या एका वेगळ्या पद्धतीत) बरेचदा २०० च्या आतच चुकांची यादी येते हे खरं आहे, कारण तिथे एका रिक्वेस्टमध्ये दहा गोष्टी मागितलेल्या असतात आणि त्यातल्या आठ मिळालेल्या असू शकतात. साध्या एपीआयला ते कारण लागू नाही. जेसनमध्ये तपशील जरूर लिहा, पण योग्य कोडच्या जोडीने.

४०१ आणि ४०३ मध्ये जवळजवळ सगळेच अडखळतात, आणि त्यात दोष नावाचा आहे. ४०१ चं नाव अनऑथराइज्ड, पण त्याचा अर्थ "तू कोण आहेस हे मला कळलेलं नाही". टोकन (ओळखीचा पुरावा) नाही, चुकीचं आहे किंवा मुदत संपली आहे, लॉगिन करून पुन्हा ये. म्हणूनच ४०१ सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडर (उत्तराच्या मजकुराआधी येणारी माहितीची ओळ) पाठवणं बंधनकारक आहे, ओळख कशी पटवायची ते त्यात असतं. ४०३ म्हणजे साधारणपणे "तू कोण ते कळलं, पण तुला परवानगी नाही". त्याच खात्याने पुन्हा लॉगिन करून काही फरक पडणार नाही. कधी कधी ती गोष्ट अस्तित्वात आहे हेसुद्धा सांगायचं नसतं, तेव्हा ४०४ देतात. गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर दुसऱ्याची खासगी रिपॉझिटरी (कोडचा साठा) मागितली तर एपीआय ४०४ देतं, ते याच कारणाने. गोष्ट होती पण कायमची काढून टाकली, असं मुद्दाम सांगायचं असेल तर ४१० आहे.

रिडायरेक्टची, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवण्याची, भानगड इतिहासामुळे झाली. ३०१ कायमचा आणि ३०२ तात्पुरता, इतकं सोपं ते असायला हवं होतं. पण ब्राउझर ३०२ मिळाल्यावर पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) रिक्वेस्टची गेट करून टाकायला लागले, नियमात तसं नव्हतं तरी. तो पायंडा इतका पडला की मोडणं अशक्य झालं, म्हणून नवे कोड आणावे लागले: गेटच कर असं स्पष्ट सांगणारा ३०३ आणि पद्धत बदलू नको असं सांगणारा ३०७. ३०१ चा तसाच काटेकोर भाऊ ३०८ बराच नंतर आला. एक सावधगिरी बाळगा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर दिलेला ३०१ तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केला तरी लोकांच्या ब्राउझरमध्ये तो दीर्घकाळ राहू शकतो. आधी ३०२ किंवा ३०७ ने तपासा. ३०४ या गटात असला तरी तो कुठे वळवत नाही. तुझ्याकडची प्रत अजून ताजी आहे, तीच वापर, एवढंच तो सांगतो आणि बॉडी (उत्तराचा मजकूर) पाठवायचा खर्च वाचवतो.

५०० च्या गटात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ५०४. समोर एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (रिक्वेस्ट घेऊन मागे पोहोचवणारा मधला सर्व्हर) आणि मागे तुमचं ॲप्लिकेशन अशी मांडणी असेल, तर ५०२ म्हणजे मागच्याकडून धड उत्तर आलं नाही. बहुतेकदा ॲप्लिकेशन बंद पडलेलं असतं. ५०४ म्हणजे प्रॉक्सी वाट पाहून थकला. एनजिनएक्समध्ये ही मर्यादा मुळात ६० सेकंदांची असते. पण प्रॉक्सी थकला म्हणजे मागचं काम थांबलं असं नाही! पैसे वळते करणारी पोस्ट रिक्वेस्ट ६१ व्या सेकंदाला यशस्वी झालेली असू शकते, आणि क्लायंटने ५०४ पाहून तीच पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा जातात. गेट, पुट (नोंद ठेवणं किंवा बदलणं), डिलीट (काढणं) पुन्हा केल्याने परिणाम बदलत नाही, त्या निर्धास्त पुन्हा पाठवा. पोस्टसाठी प्रत्येक रिक्वेस्टला वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने काम न करता जुनंच उत्तर द्यावं, अशी सोय सुरुवातीपासून ठेवा.

४२९ आणि ५०३ हे दोन्ही "नंतर ये" सांगतात. पहिल्याचं कारण म्हणजे तू फार रिक्वेस्ट केल्यास, दुसऱ्याचं म्हणजे मीच सध्या दमलोय. दोन्हींसोबत रिट्राय-आफ्टर हेडर पाठवा आणि क्लायंट लिहाल तेव्हा तो वाचा. लगेच धडका मारणारे क्लायंट आधीच वाकलेला सर्व्हर पुरता आडवा करतात.

क्लायंट जावास्क्रिप्टमध्ये असेल तर फेच (रिक्वेस्ट पाठवायचं त्यातलं फंक्शन) वापरताना एक ध्यानात ठेवा: ४०४ किंवा ५०० आला तरी तो एरर फेकत नाही. नेटवर्कच तुटलं तर फेकतो. रिस्पॉन्सचा ओके हा गुणधर्म तुम्हालाच तपासावा लागतो, तो २०० ते २९९ लाच खरा असतो.

पहिल्या एपीआयला २००, २०१, २०४ (झालं, पण पाठवायला मजकूर नाही), ४००, ४०१, ४०३, ४०४, ४०९, ४२९, ५०० आणि ५०३ एवढे पुरतात. नवीन नोंद तयार झाली की २०१ द्या आणि तिचा पत्ता लोकेशन हेडरमध्ये द्या. ४०९ हा दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलली अशा टकरीसाठी ठेवा. ५०० देताना आतल्या चुकीचा पूर्ण तपशील लॉगमध्ये लिहा, बाहेर पाठवू नका. त्यात फाइलींची नावं आणि डेटाबेसची रचना उघडी पडते. क्लायंटला फक्त लॉगमधल्या नोंदीचा क्रमांक द्या, म्हणजे त्याने तक्रार केली की ती नोंद तुम्हाला लगेच शोधता येईल.