फवारणीच्या औषधांमुळे किंवा प्लास्टिकमुळे फॅटी लिव्हर होतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, दारू नाही, वजन बेताचं, तरी सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालं. घरी कापूस आणि केळी, म्हणून हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांचा संशय येतोय. मी बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि घर चोपडा तालुक्यातलं, शेतीचंच. संशय अगदी हवेतला नाही. फक्त तुमचा सगळा रोख पाण्याच्या बाटलीवर आहे. मी आधी पाठीवरच्या फवारणी पंपाकडे बघेन.

बाटलीचं थोडक्यात सांगतो. साध्या पाण्याच्या बाटलीत बिस्फेनॉल ए हे प्लास्टिकमधलं बदनाम रसायन नसतं. ते असतं कडक, निळसर पारदर्शक जारमध्ये, कारण तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. हे रसायन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची नक्कल करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मर्यादा २०,००० पट खाली आणली, त्यावरून समजा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत हे जार टेम्पोवर उघडे तापत उभे असतात, ते मला पटत नाही. पण पोटात गेलेलं बिस्फेनॉल बहुतेक एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. माठ वापरा, शेवभाजीचा उकळता रस्सा पिशवीत न घेता घरून डबा न्या. बाटलीचा विषय एवढाच.

आता फवारणी. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं कपाशीवाल्या घरात पाठ असतात. मदुराईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिकडच्या खेड्यांतल्या लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. या गटातल्या औषधांशी रोजचा संबंध असणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला. मग उंदरांवरच्या प्रयोगात त्यामागची वाटही सापडली: आतड्यातले जिवाणू हे औषध फोडतात, त्यातून ॲसिटेट तयार होतं आणि यकृत त्यापासून साखर बनवत सुटतं. रक्तात साखर आणि इन्सुलिन चढं राहिलं की यकृतात चरबी साठायला वेळ लागत नाही. माणसांत हे असंच घडतं याचा पक्का पुरावा अजून नाही, संबंध दिसतो इतकंच. एंडोसल्फानसारख्या जुन्या क्लोरीनवाल्या औषधांची गोष्ट निराळी. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, पण ही जात माती आणि चरबीत दीर्घकाळ टिकते.

आमच्याकडे फवारणी कशी चालते ते बघा. टाकीत पाणी, त्यात टोपणाने मापलेलं औषध, ढवळायला हाताला लागेल ती काडी. पंपाचं झाकण गळकं, त्यामुळे काकांची पाठ दुपारपर्यंत ओली. मध्येच बांधावर बसून त्याच हाताने तंबाखू-चुना मळायचा. हटकलं की उत्तर ठरलेलं, "काही व्हत नही." संध्याकाळी तो शर्ट पोरांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत. फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते मुख्यतः कातडीतून. वास आला नाही, चक्कर आली नाही, म्हणजे गेलं नाही असं नसतं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही यात कामाचा नाही. लाल-पिवळा-निळा-हिरवा हे वर्ग एकदम पोटात किंवा अंगावर गेलं तर किती घातक यावरून ठरतात. वर्षानुवर्षं थोडं थोडं गेल्याने हार्मोनवर काय होतं, ते त्या त्रिकोणात नाही.

म्हणून पंपाचं वॉशर बदला आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या (कापडी हातमोजा औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतो, त्यापेक्षा नसलेला बरा). वाऱ्याकडे पाठ करा, घरी आल्या आल्या साबणाने अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा. कालच फवारलेल्या वावरात आज वेचणीला बायका पाठवू नका.

हे सगळं करूनही तुमचं लिव्हर एकट्या औषधाने बिघडलं असं मी म्हणणार नाही. रसायनं ढकलतात, पण उतार बहुतेक वेळा आपणच केलेला असतो. वजन बेताचं म्हणता, पण टेप घेऊन कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की हातपाय काड्यांसारखे असले तरी पोटात चरबी असते. दिवसभराचे गोड चहा मोजा. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवल्याने यकृत बऱ्यापैकी सुधारतं. डॉक्टरांना एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), एसजीपीटी (यकृताला इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि हिपॅटायटिस बी-सीच्या तपासण्यांबद्दल विचारा, आणि फवारणी करता हे आवर्जून सांगा, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही.

आणि "लिव्हर साफ करणारे" काढे-पावडरी घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. आधीच दुखावलेल्या लिव्हरवर तो वाद तपासून बघायची गरज नाही. एसजीपीटी वाढलेलं असेल तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा करा, आणि तरी उतरलं नाही तर जळगाव किंवा धुळ्याला पोटविकारतज्ज्ञाला दाखवून फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या.