वाचकांचे प्रश्न : ढालीवरची गर्दी

प्रश्न : युरोपीय पद्धतीचे वैयक्तिक कोट ऑफ आर्म्स (ढालीवरचे ओळखचिन्ह) स्वतः आखतो आहे. लाल जमिनीवर (पार्श्वभूमीवर) निळा सिंह, खाली नदी, बाजूला पुस्तक, तराजू आणि आद्याक्षरे आहेत. चित्र लहान केले की सगळा गिचमिडकाला होतो. काय करू?

उत्तर : आधी रंग. हेरल्ड्रीत, म्हणजे अशा ढालचिन्हांच्या शास्त्रात, सोने-चांदी म्हणजे पिवळा-पांढरा हे ‘धातू’. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. रंगावर रंग आणि धातूवर धातू चढवत नाहीत. लाल आणि निळा दोन्ही गडद, त्यामुळे लांबून सिंह जमिनीत बुडतो. तो सोनेरी करा. (जेरुसलेम राज्याच्या ढालीवर चांदीवर सोन्याचे क्रूस आहेत, पण तो गाजलेला अपवाद.) नदीसाठी देखावा नको, पांढऱ्या-निळ्या नागमोडी पट्ट्या पुरतात. त्यांत धातू आणि रंग दोन्ही असल्याने त्या लाल जमिनीवरही चालतात.

पुस्तक किंवा तराजू यांपैकी एक काढा. खरे तर दोन्ही काढा. आद्याक्षरे नकोतच, शब्दांची जागा ढालीखालच्या ब्रीदपट्टीत. सिंहाचे तोंड ढालीच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे हवे, कारण उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याची मोजतात.

मग दोन चाचण्या घ्या. ढाल दोन सेंटिमीटर उंचीची छापून हातभर अंतरावरून बघा. आणि चित्र न दाखवता कुणाला फोनवर वर्णन सांगून काढायला लावा. कोट ऑफ आर्म्स वर्णनात ठरते, रेखाटनात नाही. दोन चित्रकारांचे सिंह वेगळे दिसले तरी दोन्ही बरोबर. वर्णन एका वाक्यात मावत नसेल तर ढालीवर अजून गर्दी आहे.

एकरंगी शिक्का करायचा असेल तर सोन्यासाठी ठिपके, चांदीसाठी कोरी जागा, लालसाठी उभ्या आणि निळ्यासाठी आडव्या रेघा.

प्रश्न : लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, हे कितपत खरे?

उत्तर : असे तक्ते बहुतांशी नंतरच्या लेखकांनी रचले. मध्ययुगात सर्वमान्य अर्थकोश नव्हता. त्यापेक्षा नावावरची कोटी जुनी आणि भक्कम : स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या ढालीवर किल्ला (स्पॅनिशमध्ये ‘कास्तियो’), लेओनच्या ढालीवर सिंह (‘लेओन’). तुमच्या नावातून काही निघते का पाहा.

प्रश्न : आडनावाचे तयार चिन्ह विकत मिळते. ते वापरावे का?

उत्तर : नाही. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाचे नसते, ज्या व्यक्तीला मिळाले तिचे आणि तिच्या वंशजांचे असते. आडनाव जुळले म्हणून हक्क येत नाही. निळ्या जमिनीवर सोनेरी तिरका पट्टा, एवढ्याशा चिन्हावरून चौदाव्या शतकात स्क्रोप आणि ग्रॉव्हनर या दोन इंग्लिश सरदारांत खटला चालला. कवी चॉसर त्यात साक्षीदार होता. शेवटी ते स्क्रोप यांच्याकडे राहिले. इंग्लंडमध्ये चिन्ह देण्याचे काम 1484 साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्म्स करते. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन या चिन्हांच्या मुख्य अधिकाऱ्याच्या न्यायालयात नोंद नसलेले चिन्ह वापरणे गुन्हा ठरतो, म्हणून तिथे वापरायचे असेल तर नोंदणी आधी, छपाई नंतर.