प्राथमिक हरकत किती ‘प्राथमिक’?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आत्याने वाटणीचा दावा लावला, काकांच्या वकिलांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, ‘प्राथमिक हरकती’ असं शीर्षक देऊन पाच-सहा परिच्छेद घातले. प्राथमिक म्हणजे किरकोळ समजायचं का? आणि कोर्टाच्या कागदात ‘आक्षेप’ सोडून हा घरगुती ‘हरकत’ कशाला?

किरकोळ मुळीच नाही. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार यांमुळे आपल्याला हा शब्द खालच्या पायरीचा वाटतो. इथे त्याचा अर्थ ‘आधी ऐकायची’ एवढाच. गंमत म्हणजे वाटणीच्या दाव्यात ‘प्राथमिक हुकूमनामा’ही (कोर्टाचा पहिल्या टप्प्याचा निर्णय) निघतो. त्यात कुणाचा हिस्सा किती ते ठरतं. शेतजमिनीचं सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून केलेलं, वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचं असतं. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर काम उरतं; प्राथमिक हरकत पूर्ण मान्य झाली तर दाव्यात कामच उरत नाही.

आता हरकत. अरबीत हा शब्द हालचालीचा. हिंदीतली ‘ओछी हरकत’ म्हणजे कृतीच, आणि गवई ‘हरकत घेतो’ तेव्हाही सूर हलतोच. मराठीत मात्र हलण्याचं अडणं झालं: ‘काही हरकत नाही’, पालिकेच्या ‘हरकती व सूचना’, विधानसभेतला ‘हरकतीचा मुद्दा’, फेरफाराच्या नोटिशीतली ‘हरकत असल्यास कळवावे’. आक्षेपात समोरच्याच्या बोलण्यातला दोष काढायचा असतो, हरकतीत त्याची वाट अडवायची असते. काकांचे वकील त्या परिच्छेदांत आत्या खोटं बोलतात असं म्हणतच नाहीत. दावा चालूच शकत नाही म्हणतात. म्हणून माझं मत हरकतीच्या बाजूने.

ही युक्ती जुनी आहे. मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या विज्ञानेश्वराच्या टीकेत, प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार येतात: कबुली, इन्कार, ‘खरं आहे, पण...’ आणि प्राङ्न्याय, म्हणजे याचा निवाडा आधीच झालाय. हा शेवटचा शब्द आजही कायद्याच्या मराठीत जसाच्या तसा आहे. आणि मिताक्षरा लिहिली गेली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात. ते कल्याणी म्हणजे आपल्या हैदराबाद रस्त्यावरचं बसवकल्याण.

‘दावा मुदतबाह्य आहे’, ‘आवश्यक पक्षकार सामील केलेले नाहीत’, ‘सर्व मिळकती दाव्यात घेतल्या नाहीत’, ‘कोर्ट फी कमी भरली’ ही वाक्यं भाऊबंदकीच्या बहुतेक कैफियतींत सापडतील. सगळ्यांचं वजन सारखं नसतं. राहिलेली बहीण सामील करून घेता येते, फी भरता येते. मुदतीची हरकत सगळ्यात कडक वाटते, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या माणसाची 12 वर्षं मुदत कायद्याच्या अनुच्छेद 110 प्रमाणे सुरू होतात ती वगळल्याचं त्याला कळल्यापासून. आत्यांना कधी कळलं, हे साक्षीपुराव्याशिवाय कसं ठरणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 14 रूल 2 खाली आधी ऐकायचा मुद्दा निव्वळ कायद्याचा लागतो, तोही कोर्टाच्या अधिकाराचा किंवा कायद्याने दाव्याला घातलेल्या बंदीचा. त्यामुळे ही ‘प्राथमिक’ हरकत पुष्कळदा निकालाच्या दिवशीच ऐकू येते.

हरकत टिकलीच, तर आदेशातलं क्रियापद नीट वाचा. गावाकडे सगळ्यालाच ‘केस उडाली’ म्हणतात. वादपत्र (दावा मांडणारा मूळ अर्ज) ‘परत केले’ म्हणजे चुकीच्या कोर्टात आलात, योग्य कोर्टात दाखल करा. ‘नामंजूर केले’ म्हणजे ऑर्डर 7 रूल 11 खाली वादपत्रच नाकारलं. यावर अपील होतं, आणि मुदत शिल्लक असेल तर रूल 13 प्रमाणे नवीन वादपत्रही देता येतं. ‘दावा फेटाळला’ असेल, तर आत्यांच्या वकिलांनी अपिलाची तयारी करावी. तोच दावा पुन्हा लावायला गेलं तर समोरून प्राङ्न्यायाची हरकत येईल.