दुरुस्तीला दिलेला जुना रेडिओ मेकॅनिक अडवून ठेवू शकतो का?

परभणीच्या एका वाचकांनी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ छत्रपती संभाजीनगरच्या एका मेकॅनिककडे ट्यूनिंगच्या दुरुस्तीसाठी दिला आणि 3,000 रुपये आगाऊ मोजले. सहा महिन्यांनी तो सांगतो की मूळ गँग कंडेन्सर (काटा फिरवला की ज्याची क्षमता बदलून स्टेशन लागते तो भाग) भंगारात गेला, त्या जागी बदलीचा बसवला आहे आणि आणखी 2,000 रुपये दिल्याशिवाय सेट मिळणार नाही.

कारागिराला मजुरीपोटी वस्तू राखून ठेवण्याचा हक्क भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 ने दिलेला आहे, हे आधी मान्य करावे लागेल. त्या कलमाखालचे उदाहरणच हिऱ्याचे आहे : पैलू पाडून झाले, की मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याला हिरा ठेवून घेता येतो. मात्र ज्या कामासाठी वस्तू सोपवली ते काम झाले असेल तरच हा हक्क मिळतो. बदलीच्या गँगची क्षमता वेगळी असल्यामुळे काटा डायलवरच्या आकड्यावर आणला तरी तेथे स्टेशन लागत नाही, असे आपण लिहिता. तसे असेल तर काम पूर्ण झाले असे म्हणणे त्याला जड जाईल. शिवाय काढलेला गँग आपल्या मालकीचा होता आणि तो आपल्याला न विचारता टाकून देण्याचा अधिकार त्याला नव्हता.

दुकानात सोबत एक साक्षीदार न्या, सेट चालू करायला लावून काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि मागचे झाकण काढून गँगसह चित्रीकरण करून घ्या. मेकॅनिकचे व्हॉट्सॲप संदेश ज्या फोनवर आहेत तो मोडीत काढू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे त्यांच्या प्रतींसोबत त्या फोनची माहिती देणारे प्रमाणपत्र जोडावे लागते. टपाल खात्याचे रेडिओ परवान्याचे जुने पुस्तक घरात सापडले, तर सेट वडिलांचा असल्याचा आधार म्हणून तेही जपून ठेवा.

त्यानंतर सेट, काढलेले सर्व भाग आणि आगाऊ रक्कम मागणारी 15 दिवसांची नोटीस पाठवा. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली परभणीच्याच जिल्हा आयोगाकडे जाता येईल. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार चालते, मुदत दोन वर्षांची आहे आणि एवढ्या रकमेला शुल्क नाही. भरपाई मागताना तशाच गँगची आजची किंमत दुसऱ्या मेकॅनिककडून लिहून घ्या, कारण वडिलांच्या आठवणीचे मोल आयोगापुढे सिद्ध करणे कठीण असते.

पोलिसांकडे जाण्याची घाई मी करणार नाही. मूळ गँग त्याने परस्पर विकल्याचा पुरावा हाती आला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 चा (फौजदारी विश्वासघात) विचार जरूर करू, पण सेट मुद्देमाल म्हणून जप्त झाला तर तो घरी यायला किती काळ लागेल, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा 2,000 रुपये ‘हक्क राखून देत आहे’ असे पावतीवर लिहवून भरावेत आणि सेट आधी ताब्यात घ्यावा.