चिऊ, माटवीबद्दल तू विचारलंस ते

चिऊ,

परवा आजी फोन फिरवून माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची लाकडी चौकट, दाखवत होती, तेव्हा तू विचारलंस, "हे सगळं झाडांवरून तोडलंय? आम्हाला शाळेत फक्त खाली पडलेलंच उचलायला सांगतात." बरं झालं, इंग्रजीत विचारलंस. आजीला वाटलं, कौतुकच चाललंय. मला मात्र ते लागलं.

गेल्या ऑक्टोबरात तू बागेत पानांचं वर्तुळ केलं होतंस, मध्ये पिवळं आणि कडेला लाल होत गेलेलं. मला ते फार आवडलं होतं. तुमच्या बाईंनी ज्याचे फोटो दाखवले तो अँडी गोल्ड्सवर्दी इथेच, स्कॉटलंडात पेनपाँटला राहतो. पानं, बर्फ, काटक्या रचतो, फोटो काढतो आणि पुढचं वाऱ्यापावसावर सोडतो. त्याची पुस्तकं निघतात. आपल्या आजीच्या माटवीचे फोटो फक्त घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. असो, तो राग तुझ्यावर काढत नाही.

आमच्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी भाईकाका मला घेऊन डोंगरात जायचा. कवंडळाची वेल उंच झाडावर चढलेली असते आणि लालभडक फळं नेमकी हात पुरत नाही तिथे. खायच्या कामाची नाहीत, पण त्यांच्याशिवाय माटवीला रंग नाही. ती वेल कुठे आहे हे वाडीत कुणाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातलेली. मग शेरवडीची पांढरी पानं, हरणं, कांगले असली रानातली फुलंफळं, सड्यावरचा तेरडा. बांधायला सुतळी चालत नसे. केवणीची साल सोलून तिचे दोर वळायचे. माझे सगळे सुटायचे.

संध्याकाळी आबा खाली उभे राहून हुकूम सोडत, "उजवीकडे वायच वर घे!" नारळ, सुपारीचं शिपटं म्हणजे घड, तवसं म्हणजे मोठी काकडी, चिबूड असं जड सामान चौकटीच्या दांड्यांना, आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, कडेने. नारळ गणपतीच्या डोक्यावर पडू नये, एवढीच आबांची धास्ती. बाकी कुठलं फळ कुठे टांगायचं यावर दरवर्षी भांडण. शास्त्र वगैरे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील, तर आजीचा एक दंडक होता: फळ तोड, वेल ओढू नको. ओढली की ओरडा बसायचा, "मेल्या, येल कित्याक ओढतस?" हे वेलीवरचं प्रेम की पुढच्या वर्षीच्या फळांची सोय, मला आजही ठरवता येत नाही. आणि आता आपल्या डोंगरावर काजूची कलमं आहेत. कवंडळं बाजारात वाटे लावून विकायला येतात, कुणी तरी कुठून तरी पोतं भरून आणलेली. तिथे तुमच्या बाई बरोबर आहेत, हे मला कबूल करावं लागतं.

म्हणून तू माटवी बांधायलाच हवी असं मी म्हणणार नाही. इथे कवंडळ मिळणारही नाही. पण बाईंना एक विचारून बघ: वेलीवर पिकून फुटायला आलेलं फळ, जे उद्या पाखरं खाणारच आहेत, ते त्यांच्या नियमात 'पडलेलं' धरायचं की नाही? काय म्हणतात ते मला सांग. आजीलाही कळवू.

बाबा